बांधून नको, मोकाटही नको: फाल्गुनातल्या गारठ्यात कुत्र्याला फिरवताना

होळी आठ-दहा दिवसांवर आली की भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादच्या शिवारात एकाच दिवसात दोन ऋतू येऊन जातात. पहाटे ओसरीवर बसायचं तर अंगावर घोंगडी लागते, आणि दुपारी त्याच ओसरीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. फेब्रुवारीत या भागात पहाटेचा पारा साधारण १३ ते १५ अंशांवर असतो आणि दुपारी तिशी ओलांडतो. मार्चमध्ये दुपार ३५ च्या पुढे जाते, पण गव्हाला रात्री पाणी दिलेल्या पट्ट्यात सकाळचा गारठा टिकून राहतो. हवा कोरडी, आभाळ निरभ्र. त्यामुळे जमिनीत दिवसभर साठलेली ऊब रात्री भराभर निघून जाते.

माणूस सकाळी स्वेटर चढवतो, दहा वाजता काढून ठेवतो. कुत्र्याला ही सोय नाही. त्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांमधून, आणि अंगातली उष्णता ते मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकत बाहेर टाकतं. म्हणून या दिवसांत त्याला कधी बाहेर काढायचं, कुठून न्यायचं आणि घरी आल्यावर काय पाहायचं, हे ठरवणं आपल्याकडे येतं.

## फिरवायचं कशाला?

गावात हा प्रश्न हमखास निघतो. "कुत्र्याला काय फिरवायचं? ते आपलं आपण फिरतं की!" बहुतेक घरांत दोनच रीती दिसतात. एक, कुत्रं चोवीस तास दाव्याला बांधलेलं. दुसरी, ते दिवसरात्र मोकळं, भाकरीपुरतं घरी येणारं. दोन्हींत कुत्र्याचं नुकसान आहे, आणि गावाचंही.

कायम बांधलेल्या कुत्र्याला चार हातांच्या जागेपलीकडचं जग माहीत होत नाही. येणारा प्रत्येक जण त्याला परका वाटतो. ते भुंकून भुंकून तापट होतं आणि एखाद्या दिवशी दावं तुटलं की समोर येईल त्याच्या अंगावर जातं. मोकाट सोडलेलं कुत्रं रस्त्यावर गाडीखाली सापडतं, उकिरड्यावरचं काहीबाही खातं, दुसऱ्याच्या शेळीमागे लागतं. कुत्री असेल तर वर्षाला एक-दोन वेळा विते, आणि त्या पिल्लांची जबाबदारी कोणीच घेत नाही.

पट्टा आणि दोरी लावून रोज दोन वेळा फिरवणं हा मधला मार्ग आहे. कुत्र्याला चालणं मिळतं, हुंगायला मिळतं, माणसं आणि जनावरं ओळखीची होतात. गावालाही कळतं की हे कुत्रं कुणाचं आहे आणि त्याला आवरणारा हात सोबत आहे. राखणीचं कुत्रं फिरवलं तर ते राखण विसरेल, ही भीती खरी नाही. रोज बाहेर जाणाऱ्या कुत्र्याला नेहमीचा आवाज आणि वेगळा आवाज यांतला फरक कळतो. ते उगाच भुंकत नाही आणि भुंकलं तर त्याला अर्थ असतो.

## वेळ: घड्याळापेक्षा जमीन पाहा

मार्चच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेसहानंतर मावळतो. तरुण, धडधाकट कुत्र्याला सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासाने न्यावं. तोवर उजेड पुरेसा झालेला असतो, दवाचा ओलावा कमी होऊ लागतो आणि वाटेतलं जनावर, काटा, काच दिसते. म्हातारं कुत्रं, लहान पिल्लू किंवा आजारातून उठलेलं कुत्रं असेल तर ऊन अंगणात येईपर्यंत थांबा. साडेसात-आठचं कोवळं ऊन त्यांच्या सांध्यांना चांगलं.

सकाळची फेरी उशिरात उशिरा साडेनऊपर्यंत संपवा. संध्याकाळी मात्र ऊन उतरलं म्हणून लगेच निघू नका. डांबरी रस्ता आणि सिमेंटचा रस्ता संध्याकाळीही बराच वेळ तापलेला असतो. हाताची पालथी बाजू रस्त्यावर ठेवा आणि सावकाश सात अंक मोजा. हात ठेववला नाही तर कुत्र्याचे पायही तिथे ठेवू नका. मातीची वाट आधी निवते, म्हणून संध्याकाळी पांदणीने किंवा मैदानातून जाणं बरं.

निरोगी, वयात आलेल्या कुत्र्याला एका वेळी अर्धा ते पाऊण तास पुरे. त्यातली पहिली दहा मिनिटं सावकाश, कारण गारठ्यात स्नायू आखडलेले असतात. मग थोडा वेग वाढवा, आणि शेवटची पाच मिनिटं पुन्हा हळू. ते वाटेत थांबून हुंगत असेल तर ओढत नेऊ नका. तिथून कोण गेलं, कुठलं जनावर होतं, ते परकं होतं की ओळखीचं, हे सगळं त्याला वासावरून कळतं. हुंगायला मिळालेलं कुत्रं घरी येऊन शांत झोपतं.

## थंडी कुणाला बाधते

आपलं गावठी कुत्रं या हवेत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं आहे. आखूड केसांचं, सडपातळ, लांब पायांचं. पहाटेच्या गारठ्याने त्याला सहसा काही होत नाही. चालायला लागलं की ऊब येते. मराठवाड्यात ज्याला करवानी म्हणतात त्या शिकारी कुत्र्याच्या अंगावर चरबी फार कमी आणि कातडी पातळ असते. त्याला थंडी लवकर वाजते. याच जातीच्या कर्नाटकातल्या भावंडाला मुधोळ हाउंड म्हणतात, आणि भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांवर काढलेल्या तिकिटांत त्याला स्थान दिलं होतं. अशा कुत्र्याला पहाटे जुन्या गोधडीच्या तुकड्याची झूल पाठीवरून पोटाखाली बांधली तरी चालते. ती पायात येणार नाही आणि गळ्याला आवळणार नाही एवढं पाहा. ऊन चढलं की काढून टाका.

दाट केसांच्या लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पॉमेरियन यांचं उलट आहे. त्यांना पहाट सुखाची आणि नऊनंतरचं ऊन त्रासाचं. या दिवसांत त्यांचे हिवाळी केस झडतात. अंगणभर पुंजके दिसतात. तो आजार नव्हे. दिवसाआड कंगव्याने किंवा ब्रशने मेलेले केस काढा. उन्हाळा येतोय म्हणून वस्तऱ्याने सगळे केस उतरवू नका, कारण तेच केस कातडीला उन्हापासूनही वाचवतात.

पिल्लांबाबत एक नियम कडक पाळा. लसी पूर्ण होईपर्यंत त्यांना रस्त्यावर, उकिरड्याजवळ किंवा दुसरी कुत्री जातात तिथे खाली सोडू नका. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. रक्ताचे जुलाब आणि उलट्या होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस साधारण सोळा आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. तोवर पिल्लाला कडेवर घेऊन गाव दाखवा. माणसं, ट्रॅक्टरचा आवाज, बैल, शाळेची मुलं हे सगळं त्या वयात पाहिलेलं पिल्लू पुढे बुजत नाही.

## पट्टा आणि दोरी

गळ्यातला पट्टा रुंद आणि मऊ असावा. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सहज जावीत. सुतळी, तार किंवा नायलॉनची बारीक दोरी थेट गळ्यात बांधू नका. पिल्लू वाढत जातं, दोरी तेवढीच राहते आणि मांसात रुतते. अशा जखमा जनावरांच्या दवाखान्यात नेहमी येतात. ओढणाऱ्या कुत्र्याला छातीवरून जाणारा हार्नेस चांगला, म्हणजे गळ्यावर ताण येत नाही. हातात धरायची दोरी सहा फुटांच्या आसपास पुरते. लोखंडी साखळीही चालते, पण जड साखळी लहान कुत्र्याच्या मानेला भार होते.

दोरीची सवय घरातच लावा. पहिले दोन-तीन दिवस नुसता पट्टा घालून अंगणात फिरू द्या. मग दोरी लावा आणि आपण दोन पावलं चालून थांबा. कुत्रं जवळ आलं की भाकरीचा तुकडा द्या. ते ओढायला लागलं की आपण जागच्या जागी उभं राहायचं. दोरी सैल झाली की पुन्हा चालायचं. मारून किंवा हिसके देऊन शिकवलेलं कुत्रं दोरी दिसताच दबून बसतं, शिकत मात्र काही नाही.

पहाटे किंवा तिन्हीसांजेला निघायचं असेल तर पट्ट्यावर चमकणारी पट्टी चिकटवा आणि हातात बॅटरी घ्या. फाल्गुनात उसाच्या गाड्या, मळणीयंत्रं, ट्रॅक्टर-ट्रॉल्या पहाटेपासून रस्त्यावर असतात, आणि ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही. रस्त्याच्या कडेने चालताना कुत्रं नेहमी आपल्या आणि शेताच्या मध्ये ठेवा, वाहनांच्या बाजूला कधीच नको.

## वाट निवडताना

हसनाबादसारख्या मोठ्या गावात तीन प्रकारच्या वाटा मिळतात, आणि रोज एकच धरण्यापेक्षा त्या आलटूनपालटून घ्याव्यात.

गावातली वाट सकाळी लवकर, बाजारपेठ उघडण्याआधी बरी. मटणाच्या दुकानांमागची जागा आणि आठवडी बाजाराची दुसऱ्या दिवशीची जागा टाळा. शेळ्या-मेंढ्यांचं कच्चं आतडं, यकृत किंवा फुप्फुस कुत्र्याने खाल्लं तर त्यातून एक बारीक पट्टकृमी त्याच्या पोटात जातो. त्या कृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून आणि केसांतून माणसापर्यंत पोचली तर माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात. कुत्र्याला कच्चं टाकाऊ मांस न देणं आणि दर तीन महिन्यांनी जंताचं औषध देणं हे त्याच्याइतकंच घरातल्या मुलांसाठी आहे.

पांदणीची वाट कुत्र्याला सगळ्यांत आवडती. माती मऊ, वास भरपूर, गाड्या कमी. गिरिजा नदीकडे जाणारी वाटही चांगली, पण मार्चपासून नदीत वाहतं पाणी कमी होऊन डबकी उरतात. हिरवट शेवाळलेल्या डबक्यातलं पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नका. घरून बाटली आणि एक वाटी न्या, आणि अर्ध्या वाटेवर पाणी पाजा.

तिसरी वाट वस्तीच्या कडेची, गंज्या आणि खळ्यांजवळून जाणारी. इथे जपून, कारण हिवाळ्यात व्यालेल्या बऱ्याच कुत्र्या या दिवसांत कडब्याच्या गंजीखाली पिल्लं घेऊन असतात. एरवी शेपूट हलवणारी कुत्रीही पिल्लांपाशी कुणाला येऊ देत नाही. तिचा ठिकाणा कळला की महिना-दीड महिना ती वाट सोडा.

## शिवारातले या ऋतूतले धोके

हरभरा, गहू आणि शाळूची सोंगणी सुरू झाली की शेतं मोकळी होतात आणि कुत्र्याला धावायची हौस येते. नेमकं तेव्हाच जमिनीवर लक्ष हवं.

कुसळं आणि काटे. वाळलेल्या गवताची कुसळं टोकदार असतात आणि पुढेच सरकतात. बोटांच्या मध्ये, कानात, नाकात शिरली की आपोआप बाहेर येत नाहीत. आत जाऊन पू होतो. कुत्रं एकदम डोकं झटकायला लागलं, एकाच पायाला सतत चाटायला लागलं किंवा एकामागून एक शिंकायला लागलं, तर आधी कुसळाचा संशय घ्या. कानात खोल गेलेलं कुसळ घरी काढू नका. वेड्या बाभळीचे काटे पायात मोडून राहतात. त्या झुडपांच्या कडेने दोरी आखूड धरा.

विष. उंदरांसाठी ठेवलेल्या गोळ्या, रानडुकरांसाठी पेरलेलं आमिष, विषारी भुकटी लावलेल्या बियाण्याची पोती, फवारणीच्या रिकाम्या बाटल्या हे सगळं बांधावर सापडतं. कुत्र्याने तोंडात काही घेतलं तर "सोड" म्हटल्यावर टाकायची सवय त्याला घरीच लावा. तोंडाला फेस, लाळ, थरथर, झटके दिसले तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्या आणि मिळाल्यास औषधाची बाटली किंवा पाकीट सोबत घ्या. त्यावरचं औषधाचं नाव वाचून उपचार ठरतात. दूध, तेल, मिठाचं पाणी पाजत बसू नका. बेशुद्ध होऊ लागलेल्या जनावराला पाजलेलं फुप्फुसात जातं.

साप. ऊन वाढलं की काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि नाग, घोणस, मण्यार, फुरसं हालचाल करू लागतात. कुत्रं नाक घालून शोधणारं. त्यामुळे दंश बहुधा तोंडाला किंवा पुढच्या पायाला होतो. दंश झाला तर त्याला चालवू नका. उचलून घ्या, शक्य तितकं स्थिर ठेवा, गळ्यातला पट्टा सैल करा आणि थेट दवाखाना गाठा. दंशाची जागा चिरणं, तोंडाने ओढणं, घट्ट दोरी बांधणं हे सगळं नुकसान करतं.

रानातली जनावरं आणि पाखरं. हरणं आणि रोही सोंगणीनंतर मोकळ्या रानात दिसतात. टिटवी मार्चपासून उघड्या जमिनीवर, ढेकळांत अंडी घालते. मोकळं कुत्रं ही अंडी सहज फस्त करतं. टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली की तिचं घरटं जवळ आहे असं समजा आणि वाट बदला. धनगरांचे कळप या दिवसांत रिकाम्या रानात खतासाठी बसवलेले असतात. त्यांची कुत्री मेंढ्या राखायला शिकवलेली आहेत, आणि परकं कुत्रं जवळ आलं तर ती गय करत नाहीत. कळप दिसला की दुरूनच वळा.

## दुसरी कुत्री अंगावर आली तर

गल्लीतल्या टोळीने घेरलं तर पळू नका. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा कुत्र्याचा स्वभाव आहे. थांबा, आपलं कुत्रं पायामागे घ्या, दोरी आखूड पण हात ढिला. समोरच्या कुत्र्यांच्या डोळ्यांत रोखून पाहू नका. तिरकं उभं राहून हळूहळू मागे सरका. हातात काठी असावी, पण ती अंतर राखायला, मारायला नव्हे. मारलेलं कुत्रं पुढच्या वेळी आधीच दात काढून येतं.

दोन कुत्री जुंपलीच तर मध्ये हात घालू नका. मालकाला होणारे बरेच चावे असेच होतात. बादलीभर पाणी फेकणं, पत्रा किंवा ताट वाजवणं, मध्ये पोतं टाकणं याने ती सुटतात.

लहान मुलं सोबत असतील तर त्यांना आधीच चार गोष्टी शिकवा. कुत्रं आलं तर पळायचं नाही, हात अंगाशी घेऊन खांबासारखं उभं राहायचं. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या कुत्र्याला विचारल्याशिवाय शिवायचं नाही. आणि कुत्र्याचा दात किंवा नख लागलं तर घरी लपवायचं नाही. कुणी रागावणार नाही एवढा विश्वास मुलांना द्या.

## शेजाऱ्यांचं गावपण

फिरवणं गावात टिकायचं असेल तर शेजाऱ्यांची कुरबूर होऊ देऊ नये. पहाटे कुणी फजरच्या नमाजाला निघालेलं असतं, कुणी ओलेत्याने देवळात, कुणी दूध घालायला. कुत्र्याची लाळ किंवा ओलं नाक कपड्याला लागलं तर कित्येकांना पुन्हा स्वच्छ होऊन यावं लागतं. समोरून माणूस येताना दिसला की आपणच कडेला व्हावं, कुत्र्याला बसवावं आणि त्याला जाऊ द्यावं. आजी-आजोबा, गरोदर बाई, सायकलवरची मुलं यांच्याजवळ दोरी हातभरच ठेवावी.

दारापुढचा सडा, तुळशीवृंदावन, शाळेचं मैदान आणि हातपंपाचा ओटा या जागी कुत्र्याला बसू देऊ नका. बसलंच तर जुन्या वर्तमानपत्राने उचला आणि खड्ड्यात पुरा. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत जातात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात पोचतात. कुत्रं रोज ठरल्या वेळी बाहेर नेलं तर ते चार-सहा दिवसांत ठरल्या जागीच बसायला शिकतं. ती जागा वस्तीबाहेर निवडणं आपल्या हातात आहे.

कायद्याचंही भान असावं. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये एवढी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसरीकडे, १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने जनावराला मारहाण करणं, सतत आखूड साखळीला बांधून ठेवणं हेही गुन्हे ठरवले आहेत. बांधूनही नको आणि मोकाटही नको, हेच कायदाही सांगतो.

## होळी, रंगपंचमी आणि अवकाळी

होळीच्या आणि रंगांच्या दिवशी कुत्र्याची फेरी पहाटेच आटोपून घ्या आणि नंतर त्याला घरात ठेवा. रंग अंगावर पडला की कुत्रं तो चाटतं, आणि तो पोटात जातो. रंग लागलाच तर साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. रॉकेल अजिबात लावू नका. होळीची राख वरून निवलेली दिसली तरी आत निखारे असतात, म्हणून दुसऱ्या सकाळी त्या चौकातून जाऊ नका. पुरणपोळीचा तुकडा तोंडाला लागला तर बिघडत नाही, पण कांदा-लसणाचा कट, मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट कुत्र्यासाठी विषारी आहेत.

फाल्गुन-चैत्रात आभाळ अचानक भरून येतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्याने पाहिली आहे. उभी पिकं झोपली, पाखरं आणि जनावरं मेली. वारा सुटला आणि कुत्रं कान पाडून परतायला लागलं तर त्याचं ऐका. झाडाखाली थांबू नका, जवळच्या पक्क्या घरात शिरा. विजेच्या कडकडाटाला घाबरणारं कुत्रं दोरी हिसकून पळतं, म्हणून हाताला दोरीचा दुहेरी वेढा घ्या.

## घरी आल्यावर पाच मिनिटं

फेरी संपली की रोज एकाच क्रमाने तपासा. चारही पंजे आणि बोटांमधल्या फटी. कानांच्या आत आणि मागे. डोळे, ओठांच्या कडा. काखा, जांघा, शेपटीखाली. ऊन वाढायला लागलं की गोचीड वाढतात, आणि त्यांच्यामुळे होणाऱ्या तापात कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा आणि पाण्यात बुडवा; नखांनी चिरडू नका. रॉकेल ओतणं, आणि त्याहून वाईट म्हणजे पिकांवर फवारायचं औषध अंगाला लावणं, हे बंद झालं पाहिजे. कुत्रं ते चाटतं आणि मरतं. कुत्र्यांसाठीची थेंबाची औषधं किंवा गोळ्या मेडिकलमध्ये मिळतात. वजनानुसार डोस डॉक्टरांना विचारूनच द्या.

एखाद्या दुपारी फेरी लांबली आणि कुत्रं जोरजोरात धापा टाकू लागलं, लाळ घट्ट झाली, पाय लटपटू लागले तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, पोटावर, जांघांत आणि पंजांवर साधं पाणी ओता, वारा घाला, शुद्धीवर असेल तरच घोटघोट पाणी द्या आणि दवाखान्यात हलवा. गुदद्वारातून मोजलेलं निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, हे लक्षात असू द्या.

गावात डॉक्टर नसतील तर पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. गुंतागुंतीच्या आजारासाठी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना मराठवाड्यातल्या लोकांना जवळचा आणि भरवशाचा आहे.

## चावा झाला तर

कुत्रं ओळखीचं असो वा परकं, दात किंवा नख लागून कातडी फुटली तर पहिलं औषध साबण आणि वाहतं पाणी. पंधरा मिनिटं जखम धुवा. मिरचीपूड, चुना, हळद, तेल, तंबाखू यांपैकी काहीही भरू नका. आपल्या भोकरदन तालुक्यात मिरची घरोघरी असते आणि ती जखमेवर भरण्याची जुनी सवयही आहे. त्याने आग होते, विषाणू मरत नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. कातडीत द्यायच्या लसीचे डोस पहिल्या दिवशी, म्हणजे शून्य दिवशी, आणि मग ३, ७ व २८ व्या दिवशी असतात. जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही टोचावं लागतं. लक्षणं सुरू झाली की रेबीज जवळजवळ नेहमीच जीव घेतो, पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो.

तुमच्या कुत्र्याला पिसाळलेल्या कुत्र्याने चावलं तर त्याचीही जखम हातमोजे घालून धुवा आणि डॉक्टरांना कळवा. रेबीजची लस वर्षाला एकदा, कार्डावर तारीख लिहून, दरवर्षी.

## एका घराने सुरुवात करून

भारतात रेबीजने दरवर्षी १८ ते २० हजार माणसं दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गावातल्या शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस टोचलेली असेल तर हा रोग त्या गावात पसरू शकत नाही, असंही तीच संघटना सांगते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी कुत्र्यांच्या नसबंदीची आणि लसीकरणाची जबाबदारी पंचायतींसह स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे, आणि २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचं देशाचं उद्दिष्ट आहे.

रोज सकाळी गावातून फिरणाऱ्या माणसाला कुठल्या गल्लीत किती कुत्री आहेत, कुठली व्यालेली आहे, कुणाच्या पायाला जखम आहे, हे ग्रामपंचायतीआधी कळतं. ती यादी वहीत लिहा. येत्या ग्रामसभेत ती ठेवा आणि २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाची वाट न पाहता, उन्हाळा तापायच्या आत, एका दिवसाचं लसीकरण शिबिर मागा. फिरवण्याची सवय असलेली कुत्री त्या शिबिरात दोरीला धरून शांत उभी राहतील आणि डॉक्टरांचं काम सोपं होईल. तुमचं कुत्रं पहिलं उभं करा. शेजाऱ्याचं दुसरं येईल, आणि सत्तर हा आकडा हसनाबादला अवघड नाही.